हेन्री, कॅथरीन आणि तांब्याचा गोळा

“बाहेर या. कोण आहे ते आधी बाहेर या.”

घाणेरीच्या जाळीतून अगोदर एक काठी बाहेर आली, मग लोकरीची कानटोपी आणि मग टोपीखालचा माणूस. साठीचा असावा. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली होती आणि दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

“इथे साप आहेत,” मी म्हणाले.

“हो जी. एक आत्ताच गेला.”

“मग तुम्ही आत काय करताय?”

त्याने मूठ उघडून दाखवली. तळहातावर पितळेची एक जड वस्तू होती. चार बाजूंना चार आखूड दांडे, मधोमध चिनी मातीचं पांढरं बटण आणि त्या बटणावर काळ्या रंगात इंग्रजी एच.

“हे ना जी...” तो सांगू लागला.

“द्या इकडे,” मी म्हणाले आणि वस्तू त्याच्या हातातून घेतली.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कुमुदिनी काळमेघ. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत आधी इतिहासाची शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका होते. मी व्हरांड्यातून चालू लागले की मुली एकमेकींना ‘ढग आला’ असा इशारा करायच्या, हे मला ठाऊक होतं आणि त्याला माझी हरकत नव्हती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शांतता हवी म्हणून चिखलदऱ्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. शांतता मिळाली ती इतकी, की काही दिवसांतच मी भिंतीवरच्या पालीला शिस्त लावू लागले. एवढ्या नोकरीत मी एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, ते म्हणजे ‘मला माहीत नाही.’ बाईंना एखादी गोष्ट माहीत नसू शकते हे मुलींना कळलं की वर्ग हातातून जातो, असं माझं ठाम मत होतं.

त्या सकाळीही मी ते वाक्य उच्चारलं नाही.

“ही दिव्याची चावी आहे,” मी म्हणाले. “वात वरखाली करायची.”

त्या माणसाचं तोंड उघडं होतं, ते त्याने मिटलं. मग पुन्हा उघडलं. “एवढी मोठी?”

“मोठा दिवा असेल. झुंबर. साहेबलोकांकडे असायची.”

“आणि हे एच?”

“साहेबाचं आद्याक्षर. त्याचं नाव हेन्री होतं.”

त्या क्षणापर्यंत ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही उभे होतो त्या जागेला गावात कॉफीवाल्या साहेबाचा बंगला म्हणत. बंगला म्हणायचा एवढंच. छप्पर कधीच गेलं होतं. जोतं, दीड भिंत आणि एक धुराडं उरलं होतं. कोणी इंग्रज कॉफीची बाग लावून इथे राहत होता आणि एके दिवशी निघून गेला, यापलीकडे कोणाला काही सांगता येत नसे.

“हेन्री,” त्या माणसाने सावकाश म्हणून पाहिलं. “वा. हे मला नव्हतं माहीत जी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या फाटकाशी उभा होता. नाव प्रल्हाद इंगोले, मूळचे अकोल्याचे, पत्नी वारलेली, मुलगी नागपूरला, आणि इथे बसस्टँडच्या खालच्या रस्त्याला भाड्याच्या घरात मुक्काम. हे सगळं त्यांनी फाटकाबाहेर उभं राहूनच सांगितलं. मग खिशातून दुसरी तशीच चावी काढली. हिच्या बटणावर इंग्रजी सी होता.

“हे काय असंल जी?”

“कॅथरीन,” मी म्हणाले. “हेन्रीची बायको.”

इंगोल्यांनी माझ्याकडची पहिली चावी मागून घेतली आणि दोन्ही चाव्या दोन तळहातांवर ठेवून वजन केल्यासारखं केलं. “म्हणजे दोघांचे दिवे वेगळे होते.”

“उघडच आहे.”

“काहून वेगळे असतील?”

मी तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना व्हरांड्यात बसवून चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत कॅथरीन कोवळ्या वयात बोटीने मुंबईला उतरली, बैलगाडीने घाट चढली, तिला इथली थंडी मानवली नाही, हेन्री दिवसभर कॉफीच्या झाडांत, आणि हळूहळू दोघांचं बोलणं बंद होऊन प्रत्येक जण आपापल्या खोलीत आपापल्या दिव्याखाली बसू लागला, इथवर गोष्ट आणली. सांगता सांगता मलाच तिची काळजी वाटू लागली. इंगोल्यांचा चहा कपातच गार झाला.

“मग पुढे काय झालं तिचं?”

“उद्या सांगते,” मी म्हणाले.

ते रोज येऊ लागले. येताना बंगल्यातून काही ना काही आणायचे. मी ती वस्तू ओळखायची आणि मग त्या वस्तूवरून हेन्री-कॅथरीनच्या संसारातला पुढचा भाग निघायचा. एकदा मी विचारलं, “तुम्ही नोकरीत कुठे होता?”

“कुठे म्हणजे काय जी. माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं.”

ते त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला गलबलून आलं. एखादा माणूस तोंडावर आपलं आयुष्य वाया गेल्याचं कबूल करतो, तेव्हा त्याला तपशील विचारत नाहीत. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

डिसेंबर लागायच्या सुमारास त्यांनी पितळेची एक पोकळ नळी आणली. इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली, चांगली मनगटाएवढी जाड.

“वाद्य आहे,” मी म्हणाले. “साहेबाच्या बँडमधलं. फुंकून वाजवतात.”

“कोणतं टोक तोंडाला लावायचं?”

“अरुंद.”

इंगोले अंगणातल्या नळाखाली ती नळी बराच वेळ धूत राहिले. रुमालाने पुसली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डोळे मिटून त्यांनी तोंड लावलं आणि फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून ओला गाळ, एक पिवळं पान आणि मुंग्यांचा एक आख्खा संसार बाहेर पडला. आवाज आला तो म्हशीच्या रेडकाचा.

“पुन्हा,” मी म्हणाले. “सूर लागतोय.”

त्यांनी पुन्हा फुंकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, छातीवर ताण आला.

त्यानंतर आला तो तांब्याचा गोळा. नारळाएवढा, आतून पोकळ, एका बाजूला वीतभर दांडा. तो मी हातात घेतला आणि क्षणभर खरोखरच अडखळले. पण इंगोले समोर बसून वाट बघत होते.

“हे हवामानाचं उपकरण,” मी म्हणाले. “कॉफीवाल्याला पावसाचा अंदाज लागतोच. पाऊस येणार असला की याला घाम सुटतो.”

“घाम,” इंगोले म्हणाले.

“टांगून बघू.”

आम्ही तो व्हरांड्यात आढ्याला दोरीने टांगला. चारेक दिवसांनी आभाळ भरून आलं आणि सकाळी गोळ्यावर खरंच थेंब दिसले. शेजारच्या सरस्वताबाई अंगणात मुगवड्या घालायला बसत होत्या. मी कुंपणावरून म्हटलं, “आज वड्या घालू नका.” त्यांनी ऐकलं, आणि दुपारी पावसाची एक झड येऊन गेली. आमच्या ओळीत वड्या घालणाऱ्या बाकी सगळ्या बायांचं पीठ वाहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या व्हरांड्यात रांग लागली.

“मॅडम, आज पाणी येते काय जी? गोधड्या धुवाच्या होत्या.”

सरस्वताबाईंनी गोळ्याला हळदकुंकू वाहिलं आणि रोज वाहू लागल्या. निरीक्षणाचं काम मी इंगोल्यांकडे दिलं. ते सकाळी आल्याबरोबर चष्मा लावून गोळ्याभोवती एक फेरी मारत आणि गंभीरपणे सांगत, “थोडा घाम आहे जी. डाव्या अंगाला.” मी रांगेला सांगत असे, “गोधड्या उद्या.”

आणि मग शेव. त्याला मात्र माझा हट्टच कारण होता. इंगोल्यांनी एक पितळी चकती आणली होती, बशीएवढी, बारीक भोकंच भोकं असलेली. मी म्हटलं, शेवेचा साचा आहे.

“साहेब शेव खात होता?”

“त्याचा खानसामा आपल्याकडचा होता.”

“असंल जी,” ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात मला जराशी शंका ऐकू आली. मला शंका चालत नाही. मी चकती चिंच लावून घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि माझ्या सोऱ्याच्या तोंडाशी बसवली. जिथे ती नीट बसेना तिथे कणीक लावली. बेसन भिजवलं आणि तेल तापवलं. इंगोले स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणत होते, “मॅडम, राहू द्या ना. एवढा त्रास कायले?” शेव आली. थोडी जाड, थोडी वाकडी, पण शेव. मी त्यांच्यापुढे बशी ठेवली.

त्यांनी एक काडी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि खाल्ली. मग दुसरी. मग बशी संपवली आणि पुढे केली.

“आहे का आणखी?”

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण जानेवारीत गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक गावंडे काही कामाने माझ्याकडे आले. वस्तू मी दिवाणखान्यात फळीवर मांडून प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी लावली होती. गावंडे तरुण होते, उत्साही होते. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, हेन्री-कॅथरीनची गोष्ट उभ्या उभ्या ऐकली आणि प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर माझं व्याख्यान ठरवूनच गेले. विषय ‘कॉफीवाल्या साहेबाचा संसार’. पंचायत समितीचे सभापती पाहुणे म्हणून येणार होते.

मी इंगोल्यांना हे सांगितलं तेव्हा ते गोळ्याभोवती फेरी मारत होते. ते तिथेच थांबले.

“नको जी.”

“काहून नको?” मी विचारलं. तो शब्द तोवर माझ्याही तोंडी बसला होता.

“लोकं हसतील.”

“कशाला हसतील?”

“समजा मॅडम, यातलं एखादं... दुसरंच काही निघालं तर?”

“दुसरं काय? पुरावा आहे तुमच्याकडे?”

इंगोल्यांनी आढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “नाही जी,” ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना राग आला असावा. वस्तू शोधल्या त्यांनी आणि व्याख्यान मी देणार. म्हणून समजुतीने म्हटलं, “तुमचं नाव घेईन मी व्याख्यानात. शोधक म्हणून. दोनदा घेईन.”

त्यांचा चेहरा आणखीच उतरला. पुढचे दिवस ते येत राहिले, पण निम्मं लक्ष नसायचं. मध्येच “मॅडम, एक सांगायचं होतं” म्हणायचे आणि मी “बोला” म्हटलं की “चहा छान झाला” म्हणायचे.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या फाटकाशी एक मुलगी आली. तिशीची, हातात तिळाच्या लाडवांचा डबा.

“काकू, मी वर्षा. इंगोल्यांची मुलगी. कालच आले नागपूरहून. बाबा फोनवर तुमच्याबद्दलच बोलत असतात, म्हटलं भेटून यावं.”

मी तिला आत बोलावलं. ती व्हरांड्याच्या पायरीवर थांबली आणि वर बघू लागली.

“काकू, हा फ्लशच्या टाकीतला गोळा तुम्ही इथे का टांगला?”

“कसला गोळा?”

“संडासाच्या फ्लशचा. वर टाकी असते ना, साखळी ओढायची जुनी, तिच्यातला. आणि याला कुंकू कोणी लावलं?”

“तुला कसं माहीत हे?”

“आमचं बालपणच असल्या सामानात गेलं,” ती हसून म्हणाली. “बाबा पाणीपुरवठ्यात ओव्हरसिअर होते ना. घरभर नळ, पाइप, वॉशर. आई वैतागून जायची. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?”

सांगितलं होतं. माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं. त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं आणि मी त्यांची कीव करून चहा ओतला होता.

वर्षाला मी लाडवांबद्दल धन्यवाद दिले, पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग फळीवरच्या सगळ्या वस्तू पिशवीत भरल्या. गोळा दोरी कापून खाली काढला. तो पिशवीत मावेना, तो काखेत घेतला आणि बसस्टँडच्या खालच्या रस्त्याला निघाले. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, “मॅडम, पाणी येते काय?”

इंगोले ओट्यावर खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. मला पाहिलं, काखेतला गोळा पाहिला आणि त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली.

“प्रल्हाद इंगोले,” मी म्हणाले, “उभे राहा.”

ते उभे राहिले. मी पिशवीतून पहिली चावी काढून त्यांच्यासमोर धरली.

“हे काय आहे?”

“नळाची मूठ.”

“एच म्हणजे काय?”

“हॉट. गरम पाण्याचा नळ.”

“आणि सी?”

“कोल्ड. गार.”

गेले दोन महिने मी कॅथरीनसाठी जीव टाकत होते. परवाच तिला क्षय झाला होता.

“ही नळी?”

“बेसिनच्या खालचा वाकडा पाइप. याच्यात पाणी साचून राहते, म्हणून गटाराचा वास वर येत नाही.”

“तुम्ही हा फुंकलात.”

“हो जी.”

“तोंड लावून.”

“धुतला होता आधी.”

“हा गोळा?”

त्यांनी मान खाली घातली. “तुम्हाला समजलं असंलच.”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“संडासाच्या फ्लशच्या टाकीतला.”

“सरस्वताबाई रोज सकाळी अंघोळ करून याला हळदकुंकू लावतात.”

“पाहतो जी मी.”

मी चकती काढली. “आणि ही हेन्रीच्या कशातली?”

ते कानटोपीची लोकर उपटत राहिले.

“उत्तर द्या.”

“शॉवरची आहे. पण हेन्रीची नाही.” “परतवाड्याच्या भंगारवाल्याकडून आणली. बंगल्यातलं सामान डिसेंबरातच संपलं होतं.”

कोणाच्या तरी जुन्या शॉवरमधून मी शेव पाडली होती आणि ती खायला हा माणूस बसला होता, त्याने पुन्हा वाढायला सांगितलं होतं, आणि ती चकती आणायला तो बसने घाट उतरून परतवाड्याला जाऊन आला होता. मला रागाने बोलायचं होतं. पण राग नेमका कुठून सुरू करावा ते समजेना.

“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“सांगतच होतो जी. तुम्ही हातातून घेतलं.”

“मग दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी तुम्ही चहा ठेवला.”

आतून वर्षा दाराशी आली होती. आमच्याकडे बघून ती तशीच मागे फिरली.

इंगोले खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मॅडम, बायको गेल्यापासून मला कोणी काही सांगत नव्हतं. मुलगी फोन करते, गोळी घेतली का विचारते. भाजीवाला भाव सांगते. तुम्ही सगळं सांगत होत्या. ती बोट, तो घाट, तिचा तो भाऊ. घरी येऊन मी विचार करायचो, आता उद्या काय होईल तिचं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, बरं, नळाची मूठ आहे, आणि फाटक लावलं असतं.”

ते खरं होतं. मी अगदी तेच केलं असतं.

मी वस्तू पिशवीत भरल्या आणि गोळा पुन्हा काखेत घेतला. “उद्या शाळेत यायचं,” मी म्हणाले. “पहिल्या रांगेत बसायचं.”

“तुम्ही काय सांगणार जी?”

मी निघाले. ते मला अजून ठरवायचं होतं. ताप आल्याचा निरोप पाठवता आला असता. ठरलेलं व्याख्यान तसंच्या तसं देता आलं असतं, तेही कोणाला कळलं नसतं. सभापतींनी कॅथरीनबद्दल शंका काढली असती असं मला वाटत नाही. इंगोले तर पहिल्या रांगेत बसून माना डोलावत राहिले असते, याबद्दल मला खात्री होती. तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचत होती.

झेंडावंदन झालं. मुलांनी कवायत केली, सभापतींनी भाषण केलं, गावंड्यांनी माझी ओळख करून देताना दोनदा ‘विदुषी’ म्हटलं. टेबलावर वस्तू मांडल्या होत्या. मैदानात सतरंज्यांवर मुलं, मागे गावातले लोक, बायांमध्ये सरस्वताबाई. पहिल्या रांगेत इंगोले, आज बटणं बरोबर लावलेली, आणि शेजारी वर्षा.

मी माइकसमोर गेले.

“कॉफीवाल्या साहेबाच्या बंगल्यातल्या या वस्तू काय आहेत,” मी म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं.”

माइकने एक लांब शिट्टी मारली. ती थांबेपर्यंत मी उभी राहिले. समोर काहीही घडलं नाही. मुलं बसली होती तशीच बसून होती. दुसरीच्या रांगेतल्या एका मुलीने बाहीला नाक पुसलं.

“माहीत नसताना मी खूप काही सांगितलं,” मी पुढे म्हणाले. “या न्हाणीघरातल्या आणि संडासातल्या वस्तू आहेत. त्यातली एक तर बंगल्यातलीसुद्धा नाही. ज्यांना हे सगळं माहीत आहे ते इथेच बसले आहेत. इंगोलेसाहेब, वर या.”

इंगोले उठेनात. वर्षाने त्यांना अक्षरशः ढकललं. वर येऊन ते माइकपासून चार हात लांब उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. मग पुन्हा नमस्कार केला. तिसऱ्यांदा करणार इतक्यात मी गावंड्यांना म्हटलं, “पाण्याने भरलेली बादली मागवा.”

बादली पुढ्यात आली आणि त्या माणसात फरक पडला. त्यांनी अस्तन्या वर सारल्या, गोळा पाण्यात सोडला, दांडा धरला आणि पाणी चढत गेलं की गोळा कसा वर येतो, वर आला की येणारं पाणी कसं आपोआप थांबतं, ते दाखवायला सुरुवात केली. मुलं सतरंज्या सोडून टेबलाभोवती गोळा झाली. साहेबाने डोंगरावर पाणी कसं चढवलं असेल, गरम पाण्याचा बंब कुठे असेल, ते सांगताना त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटपर्यंत पोचत होता. सभापती खुर्चीतून उठून आले आणि आपल्या घरची टाकी रोज उतू जाते तिचं काय करावं, हे विचारू लागले.

मागून सरस्वताबाई उठल्या. “म्हंजे मॅडम, मी संडासाच्या गोळ्याले कुकू लावत होती काय?”

“हो,” मी म्हणाले.

मैदान हसलं. सरस्वताबाईंनी जरा विचार केला. “पण पाणी तं खरं सांगत होता ना थो,” असं म्हणून त्या खाली बसल्या, आणि निम्म्या बायांनी माना डोलावल्या.

शेवटी चौथीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, मग त्या साहेबाचं नाव काय होतं?”

इंगोल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हणाले.

“हेन्री,” ते पहिल्यांदाच माइकमध्ये बोलले. “बायकोचं नाव कॅथरीन. तिला आता बरं आहे.”

कार्यक्रम संपल्यावर ते शाळेच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. वर्षा मुद्दाम मागे रेंगाळली होती. फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, “उद्या येऊ काय जी?”

“काही नवीन सापडलंय?”

“नाही. काहीच नाही.”

“मग या,” मी म्हणाले.

लग्न आम्ही पुढच्या वर्षी अमरावतीला जाऊन नोंदवलं. वर्षाने साक्षीदार म्हणून सही केली आणि गावंड्यांनी शाळेत पेढे वाटले. आता इंगोले नाहीत. त्यांची आठवण निघाली की लोक मला त्या दिवसाबद्दल, त्या बादलीबद्दल विचारतात. मला मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

ते रिकाम्या हाताने आले. रोज हातात काही तरी असायचं, आज नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. खिशात घातले, काढले, मांडीवर ठेवले. शेवटी मी आतून मेथीची जुडी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

“निवडा,” मी म्हटलं.

त्यांनी निवडायला घेतली. काड्यांसकट, मुळांसकट, मधली गवताची पातीसुद्धा न काढता ते सगळं परातीत टाकत होते आणि सभापतींच्या टाकीचं काय बिघडलं असेल ते मला सांगत होते. मी शेजारी बसून ऐकत राहिले. मेथीबद्दल मी काही बोलले नाही.